सगळ्या खाटा सारख्या

सरळ सांगते, माझी बहीण फार गोड बाई नाही. मोठ्या बहिणीबद्दल बोलायला लागलं की लोकांचा गळा दाटून येतो. माझा येत नाही. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि त्या नऊ वर्षांत जगातलं सगळं शहाणपण आपल्या पदरात पडलंय अशी तिची पक्की समजूत. तिच्या घरी गेलं की चप्पल कुठे काढायची इथपासून कप कुठे ठेवायचा इथपर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागतं. कांदा चिरताना मी बोटं कशी धरते यावरून तिने मला चाळिसाव्या वर्षी रडवलंय. तिचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नाही, तर मी कशाला बोलू? तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिन्यात कायम ओल, आणि घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अशा बाईला कामावरून काढलं, तेव्हा खरं म्हणजे मला थोडं बरं वाटायला हवं होतं.

तिचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शहराच्या कडेला, गोदामं संपतात तिथे, एक चार मजली कारखाना आहे. तिथे हॉस्पिटलांसाठी डबे बनतात. डबा हा आमच्या घरातला शब्द, कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे. वॉर्डात प्रत्येक खाटेला मॉनिटर असतो ना, नाडी, श्वास वगैरे दाखवणारा, त्या सगळ्यांची माहिती या डब्यात येते आणि इथून सिस्टर बसतात त्या टेबलावरच्या पडद्यावर जाते. एका वॉर्डाला एक डबा, सोळा खाटा. डब्याच्या पोटात दोन चिपा. माहिती एका तोंडाने आत येते, दुसऱ्या तोंडाने बाहेर जाते, आणि मधे ती रांगेत उभी राहते. एकेका चिपमध्ये आठ रांगा, प्रत्येक खाटेची आपली.

आता खाटा काही सारख्या नसतात. कुणाचा पाय मोडलाय, त्याची नाडी मिनिटातून एकदा सांगितली तरी पुरे. कुणाच्या छातीवर पाच वायरी चिकटवल्यात, त्याचं हृदय सेकंदाला शंभरदा काहीतरी सांगत असतं. म्हणून ज्याचं जास्त येतं त्याच्या रांगेला जागा जास्त द्यायची, आणि ती अर्धी भरली की लगेच ‘भरत आली’ अशी खूण वर झाली पाहिजे, म्हणजे डबा सगळं सोडून आधी तिच्याकडे वळतो. कुठल्या रांगेला किती जागा, खूण कुठे, हे सगळं चिपला सांगावं लागतं. ते सांगायला वाट एकच, सिरियल पोर्ट. अगदी अरुंद वाट. एका वेळी एक बिट, शून्य नाहीतर एक, अशी शेकडो बिटांची ओळ एकामागून एक आत सोडायची.

त्यात चिप विसराळू. वीज गेली की सगळं पुसलं. म्हणून ती ओळ डब्यातच एका कोपऱ्यात लिहून ठेवायची, आणि डबा सुरू झाला की तो आधी ती चिपांना वाचून दाखवतो. पहिली चिप आपल्या वाटणीचे बिट घेते, तिचं पोट भरलं की शेजारणीला इशारा करते, मग दुसरी घ्यायला लागते. कुठे एक बिट कमी पडला तर दुसरी नुसती वाट बघत बसते. तक्रार नाही, दिवा नाही, काही नाही. ही ओळ लिहायचं काम एकोणीस वर्षं ताईकडे होतं.

ते ती कसं करायची ते मी स्वतः पाहिलंय. एका छापील कागदावर सोळा चौकोन. प्रत्येक डब्यासाठी ती त्या त्या वॉर्डात फोन लावायची. ऑपरेशनहून आलेला पेशंट कुठे ठेवता? टेबलावरून न दिसणारी खाट कुठली? खांबामागे कोण झोपतं? सिस्टर वैतागायच्या. एकीने तर विचारलं होतं, बाई, तुम्हाला मशीन विकायचंय की पेशंट दाखल करायचाय? ताईला त्याचं काही नाही. ती चौकोन भरायची, मग रांगा आखायची, मग ओळ लिहायची, बोट ठेवून बिट मोजायची, केबल लावून आत सोडायची आणि शेवटी डब्याच्या खालच्या काठावर शिक्का मारायची: रांगा तपासल्या, आणि खाली तिचा नंबर. त्या शिक्क्याशिवाय डबा कारखान्याच्या बाहेर पडत नसे. कारखान्यात तिला रांगवाली म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या ह्यांना तिथे चिकटवलं तेही तिनेच. लग्न झालं तेव्हा हे एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते. ताईने शब्द टाकला, आणि सहा महिने आपल्या टेबलाशी बसवून सगळं शिकवलं. बिट मोजताना ओठ हलवायची ह्यांची सवय तिच्याकडूनच आलेली, अजून आहे. माणूस हुशार, बोलायला गोड, वरच्यांशी कसं वागावं हे उपजत कळणारा. बारा वर्षांत हे उत्पादनाचे साहेब झाले, आणि ताई ज्या टेबलाशी होती त्याच टेबलाशी राहिली. ह्यांनी तिला कधी अरे-तुरे केलं नाही, हे मान्य करायला हवं. शेवटपर्यंत ताई, तुम्ही, अहो.

मग एक मोठी ऑर्डर आली. शहरातली आणि आसपासची नऊ हॉस्पिटलं, सत्तावीस डबे, तेही दोन महिन्यांत. ताईच्या हातून आठवड्याला दोन डबे निघायचे, फोन लागला नाही तर एकच. तिच्या टेबलामागे डब्यांची चळत लागली आणि वरचे मजले ह्यांच्या मागे लागले. तेव्हा ह्यांनी चिपचं पुस्तक उघडलं आणि त्यांना ती गोष्ट सापडली. चिपला बाहेर आलेले धातूचे बारीक पाय असतात, त्यातला एक खास. वीज आली त्या क्षणी त्या पायाला व्होल्टेज मिळालं तर चिप सिरियल पोर्टचं काही ऐकतच नाही. स्वतःच आपल्या जागेचे आठ सारखे भाग करते, सगळ्यांची खूण एकाच उंचीवर ठेवते आणि कामाला लागते. त्याला डिफॉल्ट म्हणतात. त्यासाठी लागतो फक्त बोटाच्या पेराएवढा वायरचा तुकडा, दोन ठिकाणी कथलाचा डाग दिला की झालं. आठवड्याला दोन डबे निघायचे तिथे दिवसाला दोन निघू लागले.

हे त्यांनी मला जेवताना सांगितलं. खुशीत होते. मी म्हटलं, वा. खरंच म्हटलं, उगाच आता सोज्वळपणाचा आव कशाला आणू? ह्यांना कारखान्यात वरच्या मजल्यावरची खोली, म्हणजे बढती, मिळायची बोलणी चालली होती आणि मला ती हवी होती.

ताईने दुसऱ्याच दिवशी कारखान्यात तमाशा केला. ह्यांच्या टेबलासमोर उभी राहून, चार माणसांत. हे शांतपणे म्हणाले की सगळ्या खाटांना सारखं मिळतंय, यात कुणावर अन्याय झाला? त्यावर ती म्हणाली, पाय मोडलेल्याची रांग रिकामी पडून राहणार आणि छातीवाल्याची भरून वाहणार, हा अन्याय नाही तर काय? पण तपासणीच्या टेबलावर डबे धडाधड पास होत होते. होणारच. तिथे एका वेळी एकच खाट जोडून बघतात, कारण नकली पेशंटचं यंत्र एकच आहे. एकटी खाट असली की कुठलीही रांग पुरते. ताईने कितीदा सांगितलं की सोळाच्या सोळा एकदम लावून बघा. कुणी लक्ष दिलं नाही.

म्हणजे, एकाने दिलं. त्या सुट्टीला हे कारखान्यात गेले, दुरुस्तीच्या खोलीतले जुने मॉनिटर गोळा केले, आणि सोळा रांगा एकदम चालवून पाहिल्या. चार जोरात, बाकी हळू.  रात्री भाजी वाढून घेता घेता म्हणाले की नऊ नंबरचा आकडा पडद्यावर अडतीस सेकंद उशिरा आला. मी विचारलं, मग? तर म्हणाले, सोळाच्या सोळा खाटा भरलेल्या आणि त्यातल्या चार सिरीयस, असं वर्षातून किती वेळा होतं? चालून जाईल. मी मान डोलावली. त्यांनी ते कुठे लिहून ठेवलं नाही, आणि ती गोष्ट आमच्या दोघांत राहिली.

म्हणजे राहायला हवी होती. ओळ लिहायचं काम गेलं तरी शिक्का ताईच्याच नंबरचा होता, आणि ती मारायला तयार होईना. हे मला म्हणाले, तूच समजाव. मी गेले तिच्याकडे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, आता कशाला अंगावर घेतेस, कारखाना काय तुझ्या बापाचा आहे, असं सगळं बोलले. ती ऐकेना. तेव्हा मी चिडून बोलून गेले की ह्यांनी स्वतः सोळा खाटा लावून बघितल्यात, अडतीस सेकंद उशीर होतो फक्त, अडतीस सेकंदांनी कुणाचं काय बिघडतं?  ती म्हणाली, बघितलंय ना त्यांनी? मी म्हटलं, बघितलंय. शिक्का मार आणि गप बस.

तिने मारले. सत्तावीसच्या सत्तावीस. हे मी मुद्दाम सांगते, कारण ती काही देवी नाही. अडतीस सेकंद माहीत असताना तिने शिक्के मारले, निवृत्तीकडे बघून आणि माझ्या तोंडाकडे बघून. दोष वाटायचा तर तिघांत वाटा, आणि हवा तर सारखा वाटा.

चार-पाच महिन्यांनी तिला फोन आला. नव्या मोठ्या हॉस्पिटलातली हेड सिस्टर. ताईचा नंबर तिने जुन्या कुठल्याशा वॉर्डात असताना लिहून ठेवला होता, कारण खाटांची चौकशी करणारी बाई म्हणून ती लक्षात राहिली होती. सिस्टर सांगत होती की नऊ नंबरवरची बाई डोळ्यांसमोर निळी पडत होती, आणि टेबलावरचा पडदा सगळं ठीक म्हणत होता. योगायोगाने एक सिस्टर तिची उशी बदलायला गेली होती म्हणून ती बाई वाचली. त्यांनी धावपळ करून तिला सावरलं, आणि त्यानंतर टेबलावर घंटा वाजायला लागली. वॉर्ड त्या दिवशी पूर्ण भरलेला होता. सिस्टर विचारत होती की या वेळी तुम्ही खाटा विचारायला फोन का नाही केला?

ताईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी घाबरून म्हटलं, वाचली ना पण? ती म्हणाली, हो, उशीमुळे.

त्यानंतर तिने जे केलं ते कुणाला न विचारता केलं. आधी ह्यांना चिठ्ठी लिहिली होती, तिचं उत्तर आलं नाही. मग दर सुट्टीच्या दिवशी पिशवीत जुना लॅपटॉप, केबल, छोटी कातरी आणि डाग द्यायचं यंत्र घालून ती बस पकडायची. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. हॉस्पिटलात जाऊन सांगायची की देखभालीला आलेय. आधी सिस्टरांबरोबर बसून खाटांचा कागद भरायचा, जो सहा महिन्यांपूर्वी भरायला हवा होता. मग सिस्टरांना सांगायचं की आता दहा मिनिटं डबा बंद असेल, टेबल सोडा आणि खाटांपाशी उभ्या राहा. झाकण उघडून वायर कापायची. ओळ सोडायची. डबा पुन्हा चालू करून दोन्ही चिपांनी ती नीट घेतली की नाही ते बघायचं. मग झाकण लावून पुढची बस. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. चार महिन्यांत सत्तावीस डबे. कापलेले वायरचे तुकडे ती बिस्किटांच्या एका डब्यात टाकत गेली. चिपा दोन म्हणजे एका डब्याचे दोन तुकडे, चोपन्न झाले.

शेवटून दुसऱ्या हॉस्पिटलात एका डॉक्टरने पाहिलं आणि कारखान्याला कळवलं की तुमची बाई आली आणि भरल्या वॉर्डाचा पडदा दहा मिनिटं बंद करून गेली. कारखान्यात अशी कुणाला पाठवल्याची नोंदच नव्हती. शेवटचा डबा तिने त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी केला, तोपर्यंत तिला काही माहीत नव्हतं. मग चौकशी लागली. बोलावलं तिला, आणि समोर बसणाऱ्यांत आमचे हे.

आदल्या संध्याकाळी ती आमच्या घरी आली. हे बाहेर गेलेत हे बघूनच आली असणार. चप्पल दाराबाहेर नीट काढून ठेवली, पाणी नको म्हणाली. ती म्हणाली, ते मला विचारणार की अडतीस सेकंद कुठून आणलेस. मी सांगेन, धाकटीला विचारा. तू ये, आणि जेवताना ते काय बोलले तेवढंच सांग. जास्त काही नको.

मी म्हटलं येते. म्हणताना खरंच यायचं होतं मला. पण त्याच वेळी तिच्यावर संतापही आला होता, आणि तो मी तिथेच काढला. म्हटलं, एवढी शहाणी समजतेस स्वतःला, तर एक तरी डबा तसाच ठेवायचास! हातात पुरावा राहिला असता. सगळेच दुरुस्त करून बसलीस, आता दाखवणार काय, कपाळ?

ती उठता उठता म्हणाली, “कुठला ठेवायचा होता? कुणाच्या उशाशी?”

चौकशी सकाळी अकराला होती. मी साडी काढून ठेवली, इस्त्री केली. हे नऊ वाजता गेले. जाताना दारातून परत फिरून आले आणि गॅस बंद आहे का ते बघून गेले. हे कधी गॅसकडे बघत नाहीत. साडेदहाला मी स्टूल घेतलं आणि पंख्याची पाती पुसायला काढली. एक पातं झालं, दुसरं झालं. तिन्ही पाती पुसून झाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मग मी बाकीच्या खोल्यांतले पंखेही पुसले.

तिथे काय झालं ते मला दोघांकडूनही कळलं आणि दोघांचं सांगणं सारखंच होतं, हे विशेष. मोठ्या साहेबांनी दोन डबे परत मागवून घेतले होते. ते उत्तम चालत होते. मग बिघाड कुठे होता, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, मी काढला. त्यांनी हेड सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली की मागे एकदा उशीर झाला होता खरा, पण आता काही तक्रार नाही. ताईने बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला. मोठे साहेब म्हणाले, बाई, ही वायर आम्हीच घातली आहे, नियमाने, तपासून. तपासणीत एकही डबा नापास नाही. ही वायर वाईट आहे असं तुमच्याशिवाय कोण म्हणतं? तेव्हा तिने अडतीस सेकंद सांगितले. कुठून आणले, असं विचारल्यावर ती म्हणाली, धाकटी येतेय, ती सांगेल. थांबले ते. हे मला ह्यांनी सांगितलं, की सगळे वीस मिनिटं थांबले, चहा मागवला. शेवटी मोठ्या साहेबांनी ह्यांनाच विचारलं, तुम्ही असं काही मोजलं होतं का? हे म्हणाले, नाही.

तिला काढलं. विनापरवाना छेडछाड, पेशंटच्या जिवाशी खेळ, असे शब्द पत्रात होते. पेशंटच्या जिवाशी! आणि खाली आणखी एक ओळ होती, की सर्व सत्तावीस डबे कारखान्यातून निघाले त्या मूळ स्थितीत आणावेत. मूळ स्थिती म्हणजे वायरसकट. ह्यांनी दोन माणसं पाठवली. ताईला चार महिने लागले होते, त्यांना दोन आठवडे पुरले. कागदावर वायर होती, म्हणून डब्यात वायर आली. झालं.

नव्या हॉस्पिटलातल्या हेड सिस्टरने काही पत्रबित्र लिहिलं नाही. तिने नऊ नंबरच्या खाटेपाशी एक स्टूल ठेवलं, आणि वॉर्ड भरलेला असला की तिथे एका शिकाऊ सिस्टरला बसवायची. पडदा असताना स्टूल कशाला, असं वरून विचारणा झाल्यावर तेही काढलं म्हणे. हे ताईला कळलं, ताईकडून मला. ती मला दोष द्यायची नाही. एकदाही म्हणाली नाही की तू का आली नाहीस. मी गेले की पूर्वीसारखीच कपावरून आणि चपलेवरून बोलायची. त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी तिची आभारी राहिले असते.

त्यानंतर दीड-दोन वर्षं गेली. वरच्या मजल्यावरची खोली ह्यांना मिळाली.

गेल्या वर्षी, सकाळी दाढी करता करता ह्यांनी बेसिन धरलं. तोंडाला फेस तसाच, चेहरा राखेसारखा. डाव्या हातात कळ येतेय म्हणाले. शेजाऱ्यांनी गाडी आणली, दोघांनी उचलून मागे आडवं केलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. नवं मोठं हॉस्पिटल आमच्याकडून पाच मिनिटांवर. जुनं हॉस्पिटल पुलापलीकडे, गर्दी नसली तरी वीस मिनिटं. ड्रायव्हरने विचारलंही नाही, गाडी नव्याकडे वळवली.

ह्यांनी माझं मनगट पकडलं. एवढ्या कळेत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. म्हणाले, “तिथे नको. पुलापलीकडे ने. तिथला डबा जुना, ताईंच्या हातचा आहे.”

मी ड्रायव्हरला सांगितलं, पुलापलीकडे चला. तो मागे वळून बघायला लागला, म्हणाला, बाई, डोकं ठिकाणावर आहे ना, हे समोर हॉस्पिटल. मी त्याच्यावर ओरडले. पूर्ण वीस मिनिटं हे डोळे मिटून पडले होते आणि ओठ हलत होते, बिट मोजताना हलतात तसे. देवाचं नाव घेत असतील असं मला आधी वाटलं. पण ते सेकंद मोजत होते. अडतीसपर्यंत जायचे आणि पुन्हा एकापासून सुरू करायचे.

वाचले. तीन नंबरची खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बिघडलं होतं, पण टेबलावर घंटा वाजली तशी सिस्टर धावत आली, मी जागी व्हायच्या आत. वॉर्ड भरलेला होता, सोळाच्या सोळा खाटा. मी मुद्दाम मोजल्या. मग टेबलापाशी जाऊन वाकून पाहिलं. डब्याच्या खालच्या काठावर शिक्का होता, पुसट झालेला, पण नंबर वाचता येत होता.

दुपारी ताईकडे गेले. ती कांदा चिरत होती. मी सगळं सांगितलं, गाडीतलं बोलणंसुद्धा, एक शब्द न गाळता. रडले बरंच. ती सुरी खाली न ठेवता ऐकत होती. मग विचारलं, खाट कुठली? मी म्हटलं, तीन. तिने थोडा विचार केला. म्हणाली, खिडकीच्या बाजूची, टेबलावरून दिसत नाही ती. तिला मी खूण पार खाली ठेवली होती. चांगली खाट आहे.

कांदा संपवून तिने फळी धुतली, जागेवर ठेवली, हात पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “नव्या हॉस्पिटलात तीन वॉर्ड आहेत. अठ्ठेचाळीस खाटा. आता तरी सांगशील?”

मी म्हटलं, “आधी त्यांना घरी तर येऊ दे.”

ते घरी आले, त्याला आठ महिने झाले. गोळ्या चालू आहेत, फिरायला जातात, सोमवारपासून पुन्हा कारखान्यात पूर्ण वेळ. ताईने परत विचारलं नाही.